बुडबुडे शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमच्या पोहण्याच्या सकाळच्या साडेसहाच्या बॅचमध्ये चार वर्षांपूर्वी एक 36 वर्षांची बाई आली होती. काटोलकडच्या आजोळी लहानपणी ती विहिरीत पडली होती, मामानं केसांना धरून वर काढलं होतं. तेव्हापासून तोंडावर तांब्यानं पाणी घेतलं तरी तिचा श्वास अडकायचा. ती मी.

माझ्यानंतर आलेली पोरं खोल पाण्यात सूर मारायला लागली, तरी तुम्ही मला अकरा दिवस कडेचा पाइप धरून नुसते बुडबुडे काढायला लावलेत. तोंडानं श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला, नाकानं हळूहळू सोडा. मी रडकुंडीला यायची. तुम्ही म्हणायचे, "ताई, घाई काहून करता? पाणी कुठी पयून नाही चाललं."

या जूनमध्ये मी भावाकडे अमेरिकेत गेले होते. तारकर्ली आणि अंदमानला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात उतरणं, शिकून झालं होतं, म्हणून नॉर्थ कॅरोलिनाच्या समुद्रात बुडालेली जर्मन पाणबुडी बघायला गेले. यू-352 तिचं नाव. 9 मे 1942 ला तिनं अमेरिकन तटरक्षक दलाच्या 'इकारस' जहाजावर टॉर्पेडो सोडला, तो चुकला, आणि इकारसनं तिलाच बुडवलं. 15 जण गेले, 33 वाचले. त्याआधी तिच्या हातून एकही जहाज बुडालेलं नव्हतं. ती सुमारे 35 मीटर खोल, एका कुशीवर कललेली पडून आहे. बाहेरचं पातळ पत्र्याचं आवरण गंजून गेलंय, आतला जाड, गोल सांगाडा मात्र शाबूत आहे. त्यावर प्रवाळ आणि माशांचे थवे. माणसं गेलेली जागा आहे, म्हणून आम्ही आत शिरलो नाही, कशाला हातही लावला नाही. मनात एवढंच येत होतं की आतली पोरं माझ्या भाच्याच्या वयाची असतील.

तेवढ्यात शेजारून वळणाऱ्या एका डायव्हरच्या पायातला फिन, म्हणजे पोहायचा रबरी पंखा, माझ्या मास्कला लागला. मास्क सरकला, डोळ्यांत-नाकात खारं पाणी. दिसेना काही. सर, त्या क्षणी मी पुन्हा काटोलच्या विहिरीत होते. श्वास रोखून सरळ वर सुटावं, एवढंच शरीर सांगत होतं.

त्या खोलीवर दाब वरच्यापेक्षा साडेचार पट असतो. तिथं छातीत भरलेली हवा वर येताना तितकीच फुगते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटतं. हे सगळं मी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. आठवला तुमचा पाइप. नाकानं हळूहळू सोडा.

मी सोडला. मास्कची वरची कड कपाळाशी दाबली, टाकीतली हवा देणाऱ्या तोंडातल्या रेग्युलेटरमधून श्वास घेतला, नाकानं सोडला, आणि मास्कमधलं पाणी खालून निघून गेलं. डोळे उघडले तर पाणबुडीचा मनोरा समोर तसाच उभा होता. जोडीदारानं खूण करून विचारलं, मीही 'ठीक' म्हणून खूण केली. मग सावकाश वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. सगळा वेळ मी माझे बुडबुडे वर जाताना बघत होते.

बोटीवर आल्यावर सगळ्यात आधी तुमची आठवण झाली. झिरो माइलपासून कुठंही निघा, समुद्र एवढा लांब, आणि तिथं खोल पाण्यात कामी आलं ते आपल्या नागपूरच्या टाक्यात कंबरभर पाण्यात शिकलेलं. सर, मनापासून आभार. अकरा दिवस तुम्ही कंटाळला नाहीत, याचे सगळ्यात जास्त.

येत्या सोमवारी बॅचला येते आहे. सोबत आई असेल. तिचं वय 61, आणि मी विहिरीत पडले तेव्हा काठावर तीच उभी होती. तिला पाइपापाशीच उभं करा.

तुमची,
साडेसहाच्या बॅचमधली ताई