मंजूस पत्र

प्रिय मंजू,

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून रागावली असशील, तर राग नंतर काढ, आधी हे वाच. अण्णांच्या बदललेल्या गुडघ्यातून पस आला आणि कल्चरमध्ये एमआरएसए निघाला, पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू. माझी तब्येत बरी, आईचं बीपी ठीक.

व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे. तास-सव्वा तास ते हळूहळू सोडतात, मी स्टुलावर बसून थेंबांकडे बघत राहते. आईला वाटतं मी जप करतेय. मला तिथे ऑरियसची भिंत दिसते गं. तिचा एकेक तुकडा आत तयार होतो, त्याला पाच ग्लायसिनची शेपटी लागते, 55 कार्बनच्या लिपिडवर बसून तो पेशीचा पडदा ओलांडतो, बाहेर साखरेच्या साखळीत जोडला जातो आणि मग त्या शेपटीने शेजारच्या साखळीशी गाठ बसते. गाठ मारणारं एन्झाइम पेनिसिलिनलाच तुकड्याच्या टोकाची अमिनो आम्लांची जोडी, डी-अ‍ॅलनिन-डी-अ‍ॅलनिन, समजून धरतं आणि अडकून बसतं. पण इथे मेकए जनुक आहे, त्याने बनवलेलं पीबीपी2ए हे वेगळं एन्झाइम आहे, त्याच्यापुढे पेनिसिलिनचं काही चालत नाही. व्हॅन्को एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही, थेट त्या दोन डी-अ‍ॅलनिनना पाच हायड्रोजन बंधांनी धरतं. माझी सगळी भिस्त त्या पाचांवर आहे.

शिरीष काल येऊन गेला. तुमचं भांडण मिटलं का, विचारत होता. तो तुकडा पडद्यापार कोण नेतं, तू एफटीएसडब्ल्यू हे प्रथिन म्हणायचीस, मी मर्जे. 2014 मध्ये ई. कोलायमधल्या मर्जेचा पेपर आला तेव्हा मी पेढे वाटले आणि तू मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलीस! 2019 मध्ये कळलं, तुझा एफटीएसडब्ल्यू बाहेर साखळी विणतो. तुझे पेढे माझ्याकडे बाकी आहेत.

झोप उडते ती एन्टरोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या व्हॅन्कोला दाद न देणाऱ्या जातींमुळे. शेवटच्या डी-अ‍ॅलनिनच्या जागी डी-लॅक्टेट, पाचातला एक बंध गेला की औषधाची पकड हजारपटीने सैल. 2002 मध्ये मिशिगनला हा बदल घडवणारी जनुकं ऑरियसमध्ये सापडलीच ना? असे रुग्ण फार थोडे, ठाऊक आहे. अण्णांच्या जंतूचा एमआयसी, म्हणजे त्याची वाढ रोखायला लागणारं व्हॅन्कोचं किमान प्रमाण, 1 आहे, सेन्सिटिव्ह लिहिलंय. तरी तो कागद मी उशाखाली ठेवते. वर क्रिएटिनिन थोडं चढलंय. भिंत पाडता पाडता अण्णांच्या किडन्या नकोत जायला.

तुझ्या बदलीचं काय झालं? ईशान दहावीला छान पास झाला म्हणे, त्याला शाबासकी सांग.

रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत. डॉक्टर रिफॅम्पिसिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडू म्हणताहेत. क्रिएटिनिनचे आकडे नीट बघ आणि फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझी,
वैजू