काका, शेवटी हायब्रिड सायकलच घेतली!

आदरणीय काका,
स. न.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण खडकवासला चौपाटीवर रविवारी सकाळी टपरीला निळी रोड बाइक टेकवून चहा पिणारे पांढऱ्या मिशीचे गृहस्थ ज्यांनी पाहिलेत, ते ओळखतीलच.

"हायब्रिड घेऊ की रोड बाइक?" असं मी विचारलं खरं, पण मनात ठरलेलं होतं. सायकल ग्रुपमधले सगळे वाकड्या हँडलच्या, वेगाच्या रोड बाइकवाले, मग मी एकटीच सरळ हँडलच्या हायब्रिडवाली कशाला? तुम्ही उत्तर दिलंच नाहीत. उलट विचारलंत, "अगं, डबा कुठे ठेवणार?"

आणि सीट इंचभर खाली करून स्वतःची सायकलच माझ्या हातात दिलीत. "आठवडाभर ठेव. पण ऑफिसलाही ने." ओळख जेमतेम तीन रविवारांची! घरी सांगितलं तर आईला खरंच वाटेना.

त्या दिवशी पानशेत रस्त्याला ती अशी सुटली की मी जवळजवळ पैसे भरूनच आले असते. मग सोमवार उजाडला. धायरी ते शिवाजीनगर. टायर २५ मिमीचे, हवा दगडासारखी टणक, प्रत्येक खड्डा मनगटातून थेट मानेत. फ्रेमला कॅरिअर लावायला भोकंच नाहीत, म्हणून डबा पाठीवर. मी वाकले, डबा आडवा झाला, आमटी कुर्त्यावर. दिवसभर मीटिंगांमध्ये लसणाचा वास!

बुधवारी मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूब जोडली, पण तो बारीक व्हॉल्व्ह पाहून म्हणाला, "ताई, याला आपला पंप लागत नाय." तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सीटखालच्या पिशवीत पितळेची छोटी टोपी आहे. व्हॉल्व्हवर फिरव, मग साधा पंप लागेल." हवा भरली. माझं मतही तिथेच फिरलं.

माझी शेवटची पळवाट होती बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. त्याला रोड बाइकच लागते, अशी माझी समजूत. तुम्ही हिशोबच मांडलात: २०० किमीला साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतबाहेर. हायब्रिडला मज्जाव नाही.

आता माझ्याकडे ३५ मिमीचे टायर, मडगार्ड, कॅरिअर आणि त्यावर उभा बांधलेला डबा आहे. रविवारी सपाटीला ग्रुप मला मागे टाकतो, ते थोडं लागतं, खोटं कशाला बोलू? पण दिवे घाटात पुढची २८ दात्यांची छोटी चकती, म्हणजे हलका गिअर, टाकली की मी न उतरता वर पोचते. हळू, पण पोचते.

तुम्हाला काही विकायचं नव्हतं, काही पटवायचंही नव्हतं. माझ्या रोजच्या रस्त्यासाठी तुम्ही आठवडाभर पायी राहिलात. त्याबद्दल मनापासून आभार.

ती पितळेची टोपी माझ्याच पर्समध्ये राहिली आहे. येत्या रविवारी आणते. चहा माझ्याकडून.

तुमची,
धायरीची हायब्रिडवाली