तेरच्या उन्हात भेटलेल्या माणसांनो, आभार!

वैशाखात धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी आलो. माठातलं पाणी देऊन विटांच्या त्रिविक्रम मंदिरापर्यंत सोबत आलेले काका, ओसरीवर बसवून दही-धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वाढणाऱ्या मावशी, तुमची नावं ठाऊक नाहीत, पण मनापासून आभार. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय पाहायचंच, हा आग्रह तुमचाच. तिथल्या सातवाहनकालीन मृण्मूर्तींपुढून पाय निघेना. (पांढरीवरचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरचं, साधं खापरही उचलू नये, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं, ते गावाचंच.) आणि धाराशिवच्या बाजारात मोडीच्या ढिगातून पितळी मुठीचा जुना अडकित्ता शोधून, चिंचेनं घासून, वजनाच्या भावात देणारे दादा, घरी आता सुपारी त्यानेच कातरतात.