चार बॅरलच्या कार्बोरेटरवर अन्याय

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या अमेरिकी मोटारींवरचा लेख आवडीने वाचला; मात्र ‘फोर बॅरल कार्बोरेटर म्हणजे चार तोंडांनी पेट्रोल पिणारे यंत्र’ हे त्यातील विधान खटकले. कार्बोरेटर इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करतो; बॅरल म्हणजे त्यातील हवा जाण्याची नळी. चारही तोंडे एकदम उघडत नाहीत, यातच त्या रचनेचे मर्म आहे.

नेहमीच्या चालीत पुढच्या दोनच बॅरलमधून हवा जाते आणि ॲक्सिलरेटर बराच दाबला की मागची दोन उघडतात. त्याऐवजी एकच मोठे बॅरल ठेवले, तर इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, व्हेंच्युरीतील (बॅरलच्या अरुंद गळ्यातील) दाब पुरेसा उतरत नाही आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल नीट ओढले जात नाही. एका हौशी तरुणाने प्रीमियर पद्मिनी मोटारीवर नको तेवढे मोठे कार्बोरेटर बसवून ती माझ्याकडे आणली होती. नाशिकमधील द्वारकेच्या सिग्नलवर पेडल दाबताच इंजिन गुदमरे आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून त्याला हैराण करीत. मूळचे कार्बोरेटर परत चढवले, तशी गाडी निमूट चालू लागली.

ब्युइक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या अमेरिकी मोटारींनी 1952 मध्ये चार बॅरल स्वीकारली, ती याच अडचणीवर तोड म्हणून. 1965 च्या रोचेस्टर क्वाड्राजेट या कार्बोरेटरमध्ये तर पुढची बॅरल मुद्दाम लहान आणि मागची चांगलीच मोठी होती, म्हणजे रोजच्या वापरात काटकसर आणि गरज पडली की ताकद. शर्यतीचे इंजिन मात्र सतत वरच्या फेऱ्यांवर असते, त्यामुळे तेथे सारख्या मापाची चार बॅरल चालतात. मागची बॅरल एकदम उघडली की हवा आधी धावते आणि पेट्रोल मागे राहते; म्हणून हॉली कंपनीच्या ‘डबल पंपर’ कार्बोरेटरमध्ये मागच्या जोडीलाही स्वतंत्र ॲक्सिलरेटर पंप (त्या क्षणी जादा पेट्रोल सोडणारा पंप) दिलेला असतो. रस्त्यावरच्या अनेक जुन्या गाड्यांत मागची बॅरल उघडण्याचे काम व्हॅक्यूमवर चालणारा पडदा सावकाश करतो.

कार्बोरेटरमध्ये उणिवा नव्हत्या असे नाही. मुंबईत ट्यून केलेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला आली की विरळ हवेमुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होते, आणि धुराचे नियम कडक झाल्यावर ही ढिलाई परवडेनाशी झाली. पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन जिंकले ते नेमकेपणावर. तरीही नासकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेत 2011 च्या हंगामापर्यंत चार बॅरलचे कार्बोरेटरच धावत होते. लेखातील ते विधान दुरुस्त व्हावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयमधील प्रशिक्षक), सातपूर, नाशिक