बाबा, डॉक्टरांसमोर ‘बरा आहे’ म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय. बाबांच्या मायलोमासाठी हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, जायच्या आधी दोघांनी मिळून वाचा.

बाबा, तुम्हाला कुणीही डॉक्टर ‘कसं वाटतंय’ विचारतात तेव्हा तुम्ही ‘बरा आहे’ म्हणता, कंबर धरून उठत असलात तरी. या वेळी ते नको. डॉक्टरांकडे तुमचे सगळे रिपोर्ट असतील, पण रात्री कुशीवर वळताना काय होतं, जिना चढताना कुठे थांबावं लागतं हे रिपोर्टमध्ये येत नाही, ते तुम्हीच सांगायचं. आई, ते विसरले तर तू सांग, मध्ये बोलते म्हणून चिडले तरी सांग.

पहिलं विचारायचं ते हे, की हा मायलोमा नक्की कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याने आत्तापर्यंत काय काय बिघडवलंय. हा प्लाझ्मा सेल्सचा कॅन्सर आहे, बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, ज्या एरवी अँटीबॉडी बनवतात. काही लोकांना तो असूनही नुसतं लक्ष ठेवतात, लगेच औषध देत नाहीत, पण तुमचं हिमोग्लोबिन साडेनऊवर आलंय आणि पाठही दुखतेय म्हणजे बहुतेक उपचार लागतील. तरी ‘आत्ताच सुरू करायचं का आणि का’ हे त्यांच्या तोंडून ऐका. किडनी, कॅल्शियम आणि हाडं, या तिन्हींचं वेगवेगळं विचारा.

स्टेजचा आकडा ऐकून घाबरू नका प्लीज. आई, तुझ्या डोक्यात तिसरी स्टेज म्हणजे सगळं पसरलं असं आहे, पण यात स्टेज रक्तातल्या बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या दोन प्रोटीन्सवरून ठरते, हल्ली एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) आणि कॅन्सरच्या पेशींच्या क्रोमोसोममधले बदलही त्यात धरतात. म्हणून मॅरोवरच्या फिश टेस्टचा, म्हणजे हे क्रोमोसोमचे बदल शोधणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट आला का, हाय रिस्क बदल आहे का, हे विचाराच. तो यायचा असेल तर त्याने औषधं बदलणार का तेही.

ट्रान्सप्लांट हा शब्द निघेलच. त्यात दुसऱ्या कुणाचं काही घ्यायचं नसतं, बाबांच्याच स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी, आधी काढून ठेवतात, केमोचा मोठा डोस देऊन मग परत सोडतात. नुसत्या वयावर नाही ठरत, हार्ट, किडनी, एकूण तब्येत बघतात. आपल्याला करायचं नसलं तरी सुरुवातीलाच विचारायचं, कारण लेनालिडोमाइड हे मायलोमाचं औषध बरेच महिने घेतलं की सेल्स गोळा करणं अवघड जाऊ शकतं.

आता तुमचा डायबिटीस, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जवळजवळ असतंच आणि त्याने शुगर चढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो (आई, तुझी तयारी ठेव). तर शुगरची औषधं कोण बदलणार, हे डॉक्टर की आपले नेहमीचे, हे तिथेच ठरवून घ्या, नाहीतर दोघं एकमेकांवर ढकलतात. आणि तळपायाला मुंग्या येतात ते आधीच सांगा, कारण बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधाने पण तेच होऊ शकतं, आणि आधीपासून आहे हे माहीत असलं तर ते डोस किंवा औषध वेगळं निवडू शकतात. नंतर वाढल्या तर सहन करत बसायचं नाही, लगेच सांगायचं.

तो हलणारा दातही सांगा. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड देतात, त्याच्या आधी दातांचं काम उरकून घ्यायला सांगतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याच्या हाडाला क्वचित मोठा त्रास होतो. किती वर्षं टाळताय ते, आता जावंच लागणार.

पेनकिलर! पाठीसाठी मेडिकलमधून आणता त्या गोळ्या आजपासून बंद, मायलोमात त्या किडनीला भारी पडू शकतात. दुखलं तर काय घ्यायचं ते फोन करून विचारा. व्हिटॅमिनच्या बाटल्या, पावडरी, सगळं पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका. आणि पाय बधिर वाटले, जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. उपचार सुरू झाल्यावर ३८ डिग्री ताप आला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर लिहूनच बाहेर या.

‘किती वर्षं?’ हा प्रश्न विचारायचा की नाही ते तुमचं तुम्ही घरी ठरवा. बाबांना ऐकायचंय आणि आईला नाही असं मला वाटतंय, तसं असेल तर आईने त्या वेळी बाहेर बसावं, त्यात काही चुकीचं नाही. मी दोन्ही बाजूंनी ठीक आहे, फक्त आईसाठी म्हणून बाबांनी गप्प बसू नये. हा आजार सहसा पूर्ण जात नाही पण बराच काळ आटोक्यात ठेवता येतो, त्यामुळे त्या काळात तुम्हाला काय करता यायला हवं, कशासाठी त्रास सोसाल आणि कशासाठी नाही, हे डॉक्टरांना सांगितलंत तर ते उपचार त्याप्रमाणे सुचवू शकतील. मलाही ते माहीत नाहीये, बाबा, तुम्ही कधी बोललाच नाहीत.

खर्च आणि इन्शुरन्सचं मी बघते, ते तिथे काढू नका, वेळ जाईल. सेकंड ओपिनियनचं मात्र मोकळेपणाने बोला, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आई, रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, नवीन वर. मी फोनवर स्पीकरवर असेन, आणि रेकॉर्ड केलं तर चालेल का ते आधी त्यांना विचार. बाबा, यातलं काही पटत नसेल किंवा तुमचे वेगळे प्रश्न असतील तर मला मेसेज करा, आईला न दाखवता पाठवलेत तरी चालेल, मी यादीत घालते.

तुमची,
लेक