अप्पा, पट्टी खालून वाचायला शिकवलीत त्याबद्दल

ती. अप्पांना,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात एम.बी.ए.च्या नव्या बॅचचा पदवी समारंभ झाला. जुनी विद्यार्थिनी म्हणून मला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. मी जे बोलले त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं होतं. नाव मात्र घेता आलं नाही, कारण ‘माझं नाव कुठं घालू नको, पेढी मालकाची आहे’ असं तुम्ही मला आधीच बजावून ठेवलंय. म्हणून हे पत्र उघड लिहितेय आणि नावाशिवाय लिहितेय. लातूरच्या मार्केट यार्डात आडतीच्या पेढीवरचे मुनीमजी म्हटलं की ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आधी समारंभाचं सांगते, तुम्हाला असलं ऐकायला आवडतं. पोरापोरींनी गुलाबी फेटे बांधले होते आणि अंगात भाड्याचे काळे गाऊन. लातूरच्या उन्हात काळा गाऊन! प्रमुख पाहुण्यांनी 1908 साली हार्वर्डमध्ये एम.बी.ए. कसं सुरू झालं तिथून सुरुवात केली. 1961 साली कोलकाता आणि अहमदाबादला आयआयएम निघाल्या तिथपर्यंत ते येईतो मागच्या रांगेतल्या बायकांनी डबे उघडले होते. एका माउलीनं पोरीचा गाऊन आपल्या नऊवारीवर चढवून फोटो काढून घेतला, आणि मग तशा फोटोसाठी आयांची रांगच लागली. एका पोराच्या गावात तर बॅनर निकालाआधीच लागला होता म्हणे. त्यावर पोराचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे मध्यभागी. असल्या हौसेला नावं ठेवणारे पुष्कळ असतात. मी ठेवत नाही. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच लेकरू आहे, त्या घरानं एक दिवस मिरवलं तर कुणाचं काय गेलं?

पण मंडपाच्या तोंडाशी एक मोठा फलक होता. यंदाचं सर्वाधिक पॅकेज अमुक लाख. तो वाचला आणि तुम्ही आठवलात.

सकाळी पेपरातला बाजारभाव वाचून शेतकरी फोन करायचे, ‘अप्पा, हरभरा एवढ्यावर गेला म्हणं?’ तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणायचात, ‘गेला की. किती पोते गेले ते इचार.’ बाजार समितीच्या तक्त्यात आवक असते, किमान दर असतो, कमाल असतो आणि सर्वसाधारण असतो. लोकांच्या तोंडी कमालच राहतो, मग त्या भावानं दोनच पोती का गेली असेनात. मी पोरांना तेच सांगितलं. प्लेसमेंटच्या फलकावर फक्त कमाल भाव लिहिलाय, तुम्ही आवक विचारा. मुलाखतीला किती बसले, किती लागले, सगळ्यात कमी किती मिळाला, आणि मधल्या पोराला किती? पोरं हसली. व्यासपीठावरच्या खुर्च्या हसल्या नाहीत. पुढच्या वर्षी बोलावतील असं वाटत नाही.

मी तुमच्याकडे कशी आले तेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना मी तुमची भाची वाटेन. एम.बी.ए.ला पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करून अहवाल द्यावा लागतो. ज्यांचे मामा-काका पुण्यात किंवा वाळूजला होते त्यांची सोय झाली. बाकीच्यांसाठी झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवाल मिळायचे, नाव बदलायचं आणि बाइंडिंग करायची. मी दोन्हीकडची नव्हते. बाबांबरोबर हरभरा घेऊन यार्डात आले होते, माल काट्यावर होता, आणि तुम्ही पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, लिहिता लिहिता विचारलंत, ‘काय शिकायलीस?’ मी म्हटलं, एम.बी.ए., फायनान्स. ‘मग ही पट्टी वाच बरं.’

मी वजन, भाव, एकूण रक्कम असं वाचत खाली आले. तुम्ही म्हणालात, ‘खालून वाच. ज्याला पैसे द्यायचेत तो वरून वाचतो, ज्याला मिळायचेत तो खालून.’

खालून वाचलं की आधी हातात पडणारी रक्कम दिसते. मग त्यावर हमाली, तोलाई, पेरणीच्या वेळची उचल. मग भाव, आणि सगळ्यात शेवटी वजन. तोच कागद, पण उलटा वाचला की प्रश्न आपोआप पडत जातात. हे कापलं ते कशाबद्दल? उचल कधीची? वजनात बारदान, म्हणजे रिकामं पोतं, धरलं का? आमच्या कॉलेजात ताळेबंद वाचायला जो पेपर होता त्यात मला चांगले मार्क पडले होते, पण ताळेबंदाला प्रश्न विचारायची सवय पेढीच्या कट्ट्यावर लागली.

दुसऱ्या दिवसापासून इंटर्नशिपसाठी पेढीच्या गादीवर तुमच्या शेजारी माझी जागा झाली. यार्डात बाया कमी नाहीत, चाळणीवर असतात, सांडलेलं धान्य झाडून गोळा करतात. गादीवर मात्र एकही नव्हती. खरेदीदार यायचे, माझ्याकडे बघून तुमच्याशी बोलायचे. तुम्ही त्यांना एवढंच म्हणायचात, ‘त्यांना सांगा, हिशोब त्या लिहालल्यात.’ मला ‘त्या’ म्हणणारे यार्डात तुम्ही पहिले. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्टही तुम्ही न विचारता केलीत. दिवसभर बसणाऱ्या पोरीला बाथरूमला कुठं जायचं हा प्रश्न असतो हे ओळखून घरी काकूंना सांगून ठेवलंत आणि मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे दिलीत. काकूंचे धपाटे आणि दही हा त्यावरचा वाढावा. इंटर्नशिप अर्ध्यात सोडणाऱ्या पोरी कशामुळं सोडतात याची चौकशी कॉलेजांनी कधी केली तर उत्तरांत ही किल्ली सापडेल.

शिकले काय म्हणाल तर मधले दिवस मोजायला शिकले. शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असा नियम, आणि मिलवाल्याचे यायला आठवडे. त्या मधल्या दिवसांचा पैसा पेढीनं उभा करायचा. ‘पेढी तोट्यानं नाही बुडत, उधारीनं बुडते,’ असं म्हणत तुम्ही मला मागच्या कपाटातल्या खतावण्या काढून दिल्यात आणि कोणाची येणी किती लांबली ते मांडायला लावलंत. आमच्या पुस्तकात वर्किंग कॅपिटलवर अख्खं प्रकरण आहे. हेजिंगवरही आहे, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच करून भाव पडण्यापासून बचाव करणं. पण सोयाबीनचे असे सौदे, म्हणजे वायदे, तर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं डिसेंबर 2021 मध्येच थांबवलेले. ‘मग हे प्रकरण परीक्षेपुरतं वाच,’ म्हणालात.

अहवालाचा विषयही तुम्हीच काढून दिलात. जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेची फी एकदम येते आणि भाव असो नसो, घरातला माल बाहेर निघतो. त्यावर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, 1990-91 पासूनची. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. मी लगेच लिहिलं की ही शेतकऱ्याच्या फायद्याची योजना आहे. तुम्ही म्हणालात, ‘आसंल. पण मांडून दाखव.’

मांडलं. समजा काढणीच्या वेळी सोयाबीनचा भाव क्विंटलला 4,500 आहे. 75 टक्के म्हणजे 3,375 रुपये कर्ज, सहा महिन्यांचं व्याज साधारण 101 रुपये. मला वाटलं, भाव 101 नं वाढला की सुटलो. तुम्ही विचारलंत, ‘आणि ओलावा?’ काढणीचा माल 14 टक्के ओलाव्याचा असेल आणि वाळून 10 वर आला तर 100 किलोचे साडेपंच्याण्णव किलो उरतात. कुणी चोरत नाही, हवेत जातं. म्हणजे व्याज आणि घट दोन्ही भरून निघायला भाव 4,800 च्या वर जायला हवा, तेव्हा कुठं थांबल्याचं चीज. अर्थात ओल्या मालाला खरेदीदार आधीच भाव पाडतो, तेवढं उलट्या बाजूला मांडावं लागतं, आणि तेही तुम्ही मांडायला लावलंत. योजना वाईट नाही. पण कोणत्या वर्षी, कोणत्या मालाला, किती दिवस, हे मांडल्याशिवाय ती चांगलीही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आधी प्रश्नावली कुठंय, स्वॉट अॅनालिसिस कुठंय असं विचारलं. मग त्या तक्त्यावर थांबले. ‘हा ओलाव्याचा हिशोब कुठून घेतला?’ मी म्हटलं, मुनीमजींकडून. ‘संदर्भसूचीत कसं लिहिणार?’ लिहिलंच नाही. अहवालाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, त्याचा मजकूर आमच्या सगळ्या वर्गाचा एकच होता, संचालकांपासून शिपायापर्यंत. त्यात तुम्ही नव्हता. हे पत्र त्या पानाच्या जागी समजा.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा ते घेऊन मी आधी यार्डात आले. वर्षाचा आकडा बघून बाबांनी पेढे आणले होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘ही पण पट्टीच की.’ खालून वाचायला बसलो. मालकानं भरायचा पीएफ त्या आकड्यातच धरलेला. ग्रॅच्युइटीही धरलेली, जी हातात पडायला साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. काही भाग ‘कामगिरीनुसार’, म्हणजे मिळाला तर. मग माझ्या वाट्याचा पीएफ, मूळ पगाराच्या 12 टक्के, आणि पुण्यातलं खोलीभाडं. खाली जो आकडा उरला तो वाईट नव्हता, पण पेढे आणले तेव्हाचा तो आकडा नव्हता. नव्या पोरांना मी सगळ्यात जास्त वेळ हेच सांगितलं. पॅकेजला बारानं भागू नका, खालून वर चला.

मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, इथंच रहा, आपल्या मातीत काम कर. हल्ली समारंभात सगळे तेच सांगतात, आणि सांगणाऱ्यांची स्वतःची लेकरं पुण्यात असतात. तुम्ही म्हणालात, ‘जा. आधी दुसऱ्याच्या पैशावर शिकून ये.’ गेले. आज औशाकडच्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचा हिशोब बघते, तर रोज कळतं की पुण्यात शिकलेलं किती कामाला येतं. महिन्याच्या ठरल्या तारखेला जीएसटीचं विवरण, येणी-देण्यांचा मेळ, संचालकांना नको असलेला आकडा शांतपणे समोर ठेवणं, यातलं काही मला लातुरात इतक्या लवकर आलं नसतं.

शैक्षणिक कर्जाचंही बोलले, कारण समोर बसलेल्या निम्म्या बापांच्या कपाळावर तेच होतं. कोर्स संपून साधारण वर्षभर हप्ता नसतो म्हणून पोरं निवांत असतात. पण व्याजाला सुट्टी नसते, ते मागं चढतच असतं. जमेल तेव्हा निदान व्याज तरी भरत जा. आणि जुन्या करपद्धतीत राहिलात तर या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही, हेही सांगितलं. एका पोरानं विचारलं, एक कंपनी नोकरीआधी ट्रेनिंगचं डिपॉझिट मागतेय आणि मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेते म्हणतेय, काय करू? तुमच्याच शब्दांत सांगितलं, ‘माल देणाऱ्याकडूनच आधी पैसे मागती ती पेढी नव्हं. उठून ये तिथून.’

एका बाबतीत मात्र मी तुमच्या विरुद्ध बोलले, ते लपवत नाही. पगाराची घासाघीस करू नये, शोभत नाही, असं तुमचं म्हणणं. क्विंटलला दहा रुपयांसाठी दिवसभर ओरडणाऱ्या बाजारात बसून तुम्ही हे कसं म्हणता, मला कधी कळलं नाही! पोरींना तर मी ठासून सांगितलं, पहिला आकडा मान डोलवून घेऊ नका. तुम्ही रागावलात तर पुढच्या खेपेला प्रत्यक्ष रागवा.

आता कामाचं. या वर्षीच्या पहिल्या वर्षातली दोघं उन्हाळ्यात कुठं बसायचं म्हणून विचारत होती. पोरगी चाकूरकडची आहे, हिशोबाला पक्की, थोडी बुजरी. पोरगा इंजिनिअरिंग करून आलाय आणि मी बोलत असतानाच त्यानं मोबाइलवर बाजारभावाचं अॅप काढायचं ठरवून टाकलं. मालकांची हरकत नसेल तर दोघांना पाठवते. पोरीला मागच्या दाराची किल्ली द्या. त्याला आधी आठ दिवस बारदान मोजायला लावा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
हरभऱ्याच्या पट्टीवाली पोरगी