गेताची दोरी विसरू नका

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी पद्धतीच्या लाकडी गेता, म्हणजे दातांवर उभ्या राहणाऱ्या लाकडी चपला, घरी कशा कराव्यात, हे सांगणारा लेख वाचला. पावलाच्या लांबीची फळी कापावी, तिच्या खाली दोन आडवे तुकडे, म्हणजेच गेताचे दात, गोंदाने चिकटवावेत, सगळे घासून गुळगुळीत करावे आणि शेवटी पट्टा ओवावा, अशी ती कृती आहे. सुतारकामाची हौस असणाऱ्याला एवढ्यावरून गेतासारखी दिसणारी वस्तू करता येईल, परंतु ती घालून पायऱ्या उतरता येतील की नाही, हे ज्या पट्ट्यावर अवलंबून आहे त्याला लेखात जेमतेम एक वाक्य मिळाले आहे. माझे म्हणणे मुख्यतः त्या वाक्याविषयी आहे.

जपानमध्ये गेताची लाकडी बैठक आणि तिच्यावरचा पट्टा, ज्याला हानाओ म्हणतात, ही बहुधा वेगवेगळ्या हातांची कामे असतात. बैठक कारागिराकडून तयार होऊन येते. पारंपरिक दुकानात गिऱ्हाईक आपल्या पसंतीचा हानाओ निवडते आणि दुकानदार त्याचे पाऊल समोर ठेवून पट्टा ओवून देतो. हानाओ म्हणजे साधी दोरी नव्हे. आत मजबूत दोरा, त्याभोवती मऊ भरण आणि वरून कापडाची, मखमलीची किंवा चामड्याची नळी, अशी त्याची रचना असते. त्याच्या दोन्ही बाजू पुढे जिथे एकत्र येतात, तिथे अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये राहणारा लहान फासा असतो. त्याला माएत्सुबो म्हणतात. फाशाचे टोक पुढच्या भोकातून खाली नेऊन तिथे गाठ मारतात. नंतर मागची दोन टोके मागच्या भोकांतून खाली घेऊन, पाऊल आत ठेवून, हवा तेवढा ताण देऊन बैठकीच्या पोटाशी एकमेकांना बांधतात. अंगठा फाशाला गच्च भिडेपर्यंत पाऊल पुढे रेटायचे नसते. किंचित जागा सोडून बोटांनी हलकेच पकड घ्यायची असते. नवा हानाओ वापराने सैलावतो, म्हणून गाठ पुन्हा सोडता येईल अशी ठेवावी. ती गोंदाने किंवा खिळ्याने कायमची बंद करण्याचा लेखातला सल्ला मला मुळीच पटला नाही.

भोकांच्या जागेबद्दल लेख गप्प आहे. पुढचे भोक बैठकीच्या मध्यरेषेवर आणि पुढच्या दाताच्या पुढे असते. मागची दोन भोके मागच्या दाताच्या किंचित अलीकडे, दोन दातांच्या दरम्यान येतात, त्यामुळे मागची गाठ जमिनीला घासत नाही. पुढच्या गाठीला मात्र हे संरक्षण नसते. चालताना गेता पुढच्या दातावरून पुढे कलते आणि नेमका तोच भाग जमिनीजवळ येतो, म्हणून जपानी कारागीर त्या गाठीवर पत्र्याची छोटी टोपी बारीक खिळ्यांनी बसवतात. पुढचे भोक मध्यावर असल्यामुळे पारंपरिक गेतेत डावी-उजवी असा भेद राहत नाही. प्रत्येकाच्या गेतेचे दात चालण्याच्या ढबीनुसार एका बाजूने जास्त झिजतात. जोड आलटूनपालटून घातला की ही झीज सारखी होते. चपलेच्या सवयीने भोक अंगठ्याकडे सरकवले की ही सोय गेली. (डावे-उजवे वेगळे घडवलेले जोड हल्ली जपानमध्येही मिळतात, पण तो नवा प्रकार आहे.)

मापाची गोष्टही उलटी सांगितली गेली आहे. फळी पावलापेक्षा बोटभर मोठी ठेवावी, असे लेख म्हणतो. पारंपरिक गेतेत टाच मागे एक-दोन सेंटिमीटर बाहेर येणे हेच योग्य मानले जाते. जुन्या जपानी मापानुसार पुरुषांची गेता 7 सुन 7 बू आणि स्त्रियांची 7 सुन 2 बू, म्हणजे साधारण 23.3 आणि 21.8 सेंटिमीटर असे. 22 जुलै हा तिथे गेता दिन म्हणून पाळला जातो, त्यातला सातवा महिना याच मापांतल्या 7 या आकड्यावरून आला आहे.

लाकडाबद्दल लेखात 'कोणतेही टणक लाकूड' असे लिहिले आहे. गेतासाठी जपानमध्ये सर्वाधिक नावाजलेले किरी (पावलोनिया) हे लाकूड टणक तर नाहीच, उलट तिथल्या सर्वांत हलक्या लाकडांपैकी एक आहे. ते घाम शोषून घेते, पायाला थंडगार लागत नाही आणि त्याच्या मऊ दातांत बारीक वाळू रुतून बसत असल्याने घसरण कमी होते. फुकुशिमा प्रांतातील आइझू भाग किरीसाठी प्रसिद्ध आहे. ओइता प्रांतातील हिता येथे सुगी, म्हणजे जपानी सीडरचे लाकूड, वापरतात. किरी न मिळाल्यास हलके, सरळ रेषांचे आणि पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड चालेल. प्लायवूड नको, त्याचे थर ओल लागली की सुटतात.

आता दात. एकाच ठोकळ्यातून दातांसह कोरलेल्या गेतेत लाकडाच्या रेषा बैठकीच्या लांबीने धावतात, म्हणजे दाताच्या मुळाशी त्या आडव्या येतात आणि लाकूड चिरण्याचा धोका नेमका तिथेच असतो. म्हणून असे दात जाड आणि बुटके ठेवावे लागतात. उंच, पातळ दात हवे असतील तर ते वेगळ्या, अधिक चिवट लाकडाचे करून बैठकीच्या पोटात खाच पाडून घट्ट बसवतात. पावसाळी उंच गेतांसाठी जपानमध्ये होओ या मॅग्नोलियाच्या जातीच्या झाडाचे लाकूड वापरण्याची प्रथा होती. सपाट फळीला नुसत्या गोंदाने चिकटवलेला दात प्रत्येक पावलाला पुढेमागे ढकलला जातो. खाच पाडण्याचे कष्ट नको असतील, तर निदान जाड ठोकळा घेऊन दोन दातांमधला भाग करवतीने आणि पटाशीने काढून टाकावा. त्यात लाकूड वाया जाते, हे खरे. म्हणून तिथले कारागीर एकाच ठोकळ्यातून दोन गेता समोरासमोर, एकीचे दात दुसरीच्या दातांमधल्या पोकळीत येतील अशा बेताने कापतात.

वरच्या पृष्ठभागावर चकचकीत वार्निश देऊ नये, घामाने पाय सरकतो. वरचा थर हलका भाजून ब्रशने घासला की मऊ भाग निघून रेषा उठून दिसतात. जपानमध्ये भाजलेल्या गेता याच पद्धतीने करतात.

लेखासोबतची दोन्ही छायाचित्रे वरून घेतलेली आहेत. पुढील एखाद्या पुरवणीत गेतेच्या खालच्या बाजूची, तिन्ही भोके, दात आणि गाठी दाखवणारी एक साधी रेखाकृती मापांसह छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक